कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून बिझनेसची असोसिएट डिग्री: कोर्स निवडण्यापासून ट्रान्सफरपर्यंत

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. बिझनेसची असोसिएट डिग्री त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मिळते. ६० सेमिस्टर युनिटं (युनिट म्हणजे कोर्सचा आकार मोजायचं माप), म्हणजे पूर्णवेळ शिकलात तर दोन वर्षं. राज्याच्या रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर, त्यामुळे अख्ख्या डिग्रीची फी २,७६० डॉलर होते. पुस्तकं, पार्किंग आणि आरोग्य शुल्क वेगळं. अमेरिकेत इतक्या स्वस्तात पदवीची पहिली दोन वर्षं क्वचितच होतात. त्यामुळे इथल्या मराठी घरांत या डिग्रीकडे वळणारे बरेच दिसतात: ग्रीन कार्डवर नुकतेच आलेले तरुण, एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आलेल्या सुना, आणि हायस्कूल संपल्यावर चार वर्षांच्या विद्यापीठाचा खर्च पाहून थबकलेली मुलं.

मात्र स्वस्त मिळतंय म्हणून कोर्स घेत सुटलात, तर दोन वर्षांची तीन-चार कधी झाली ते कळतही नाही. इथे वर्गात नापास होऊन अडकणारे थोडे, चुकीचा कोर्स घेऊन अडकणारेच जास्त.

कुठली डिग्री, ते आधी

कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये बिझनेस या शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, जिला सगळे एडीटी म्हणतात; ट्रान्सफर म्हणजे इथली दोन वर्षं करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणं. ती २०१०च्या राज्य कायद्याने आली. ती पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सीएसयूत, प्रवेशाची हमी मिळते आणि जुळणाऱ्या विषयात आणखी ६० युनिटांत बॅचलर्स पुरं होतं. हमी सीएसयूच्या कुठल्या तरी कॅम्पसची असते, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची नाही. सॅन होजे स्टेटसारख्या गर्दीच्या ठिकाणी चांगला जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतोच. दुसरी त्या कॉलेजची स्वतःची ए.ए. किंवा ए.एस. (असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स); तिचे विषय नोकरीच्या अंगाने बेतलेले असतात आणि ट्रान्सफरला त्यांतले सगळे चालतील असं नाही. तिसरी सर्टिफिकेट्स: बुककीपिंग, पेरोल, टॅक्स वगैरे.

पुढे बॅचलर्स करायचं असेल तर एडीटी घ्या. सहा महिन्यांत कामाला लागायचं असेल तर सर्टिफिकेट. मधली कॉलेजची स्वतःची डिग्री काउन्सेलरने नीट कारण सांगितलं तरच घ्या.

मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचं बी.कॉम. हातात असेल, तर असोसिएट डिग्री करणं बहुधा वेळ दवडणं आहे. तुमच्याकडे तिच्या वरची पदवी आहेच. त्या पदवीचं मूल्यांकन करून घ्या आणि अमेरिकन टॅक्स, पेरोल, इंटरमीजिएट अकाउंटिंग असे नेमके चार-पाच कोर्स घ्या. एनरोल्ड एजंटच्या (केंद्रीय परवाना असलेला करसल्लागार) परीक्षेला तर पदवीची अटही नाही.

व्हिसा आणि फीचं गणित

४६ डॉलरचा दर रहिवाशांसाठी आहे. बाकीच्यांना त्यावर नॉन-रेसिडेंट ट्यूशन बसते. प्रत्येक कॉलेज डिस्ट्रिक्ट ती दरवर्षी ठरवतो आणि ती कित्येक पटींनी जास्त असते. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा, शिवाय इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना हा दर्जा मिळू शकतो. एफ-१ वाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, मिळत नाही, मग ते इथे किती का वर्षं राहिलेले असोत.

एच-४ वाल्यांची अडचण वेगळीच असते. घरभाड्याचा करार, विजेचं बिल, बँक खातं, सगळं नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर. वर्ष उलटून जातं आणि तुमच्या नावाचा एकही कागद नसतो. म्हणून इथे आल्याबरोबर तीन कामं करा: कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी काढा, बँक खात्यावर आणि भाडेकरारावर तुमचं नाव चढवा, आणि राज्याचा टॅक्स रिटर्न संयुक्त भरा. कॉलेज अशाच तारखांचे पुरावे मागतं.

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, एक कोर्स घ्या नाहीतर पाच. पण वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप किंवा कॅम्पसवरची नोकरी चालत नाही. मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा एच-४ संपतो. ते एफ-१ वर गेलं की फी नॉन-रेसिडेंटची होते, तेव्हा विसाव्या वर्षीच हिशेब मांडून ठेवा.

भारतातून थेट एफ-१ वर येणाऱ्यांना दर सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावी लागतात. पूर्णवेळ मोजताना त्यांत ऑनलाइन कोर्स एकच, जास्तीत जास्त ३ युनिटांचा, धरला जातो. इंटरनॅशनल ऑफिसला न विचारता एखादा कोर्स सोडला आणि युनिटं १२च्या खाली गेली, तर स्टेटस जाऊ शकतं. या बाबतीत मित्राचा सल्ला घेऊ नका.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असणाऱ्यांनी फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरायचाच. २०२५-२६ साठी पेल ग्रँटची (परत न करायची केंद्रीय मदत) कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. त्याच अर्जातून कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटही पाहिली जाते. ती उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या रहिवाशांची युनिटांची फी माफ करते. उत्पन्न जास्त असलं तरी पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं दोन वर्षं फी माफ करतात. आपल्या कॉलेजात ती सोय आहे का, हे फायनान्शियल एड ऑफिसात विचारा.

अर्ज

अर्ज सीसीसीअप्लाय या राज्याच्या एकाच साइटवरून होतो आणि तो फुकट असतो. तिथे नाव घालताना सांभाळा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, लग्नानंतर नवऱ्याचं, डिग्रीवर माहेरचं आडनाव, असा मराठी नावांचा गोंधळ कायम असतो. पासपोर्टवर किंवा ग्रीन कार्डवर जसं आहे तसंच नाव सगळीकडे घाला. नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी दोन ट्रान्सक्रिप्टं (अधिकृत गुणपत्रकं) दोन वेगळ्या माणसांची निघतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर नाही असं सांगण्याची सोय अर्जात आहे. उगाच आकडे भरू नका.

ग्रँटचे पैसे लाटायला खोटे अर्ज करणाऱ्यांचा गेल्या काही वर्षांत सुळसुळाट झाला आहे, त्यामुळे खरे अर्जही पडताळणीत अडकतात. दोन-तीन दिवसांत विद्यार्थी क्रमांकाचा ईमेल आला नाही तर आधी स्पॅम पाहा, मग ॲडमिशन ऑफिसला फोन करा. नवा अर्ज टाकू नका. दोन अर्ज दिसले की संशय वाढतो.

गणित-इंग्रजीची प्लेसमेंट टेस्ट २०१९च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रापासून, बंद झाली. हायस्कूलचे मार्क पाहून थेट ट्रान्सफरच्या पातळीचा कोर्स मिळतो. बाहेरच्या देशातून आलेल्यांना स्वतःच प्रश्नावली भरून पातळी ठरवावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इथे ताठा दाखवू नये. लेखन कच्चं वाटत असेल तर आधी ईएसएलचा (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचा) एक शैक्षणिक लेखनाचा कोर्स घ्या. इंग्रजीच्या पहिल्या कोर्सात ‘डी’ पडण्यापेक्षा ते कधीही परवडतं. दुसरीकडे, मराठी माध्यमात सहावी किंवा त्यापुढे दोन वर्षं शिकल्याचे मार्कलिस्ट जपून ठेवा: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, जिथे परभाषेची अट असते तिथे ते कामाला येतात.

कोर्सची यादी मागून पुढे लावा

असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. आधी आपलं कॉलेज, मग जायचं ते विद्यापीठ आणि विषय निवडा. आपल्याकडचा कुठला कोर्स त्यांच्याकडच्या कुठल्या कोर्सला चालतो, ते तिथे समोरासमोर दिसतं. दोन किंवा तीन विद्यापीठांचे असे करार छापून घ्या आणि सगळीकडे लागणाऱ्या कोर्सांवर खूण करा. ते आधी घ्यायचे. काउन्सेलरकडे हे कागद घेऊन गेलात तर अर्ध्या तासाच्या भेटीत पक्का एज्युकेशन प्लॅन होतो. रिकाम्या हाताने गेलात तर तोच अर्धा तास असिस्ट म्हणजे काय हे ऐकण्यात जातो.

बिझनेसच्या एडीटीचा गाभा सहसा असा असतो: फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, इंट्रोडक्शन टू बिझनेस, बिझनेस लॉ, आणि स्टॅटिस्टिक्स किंवा बिझनेस कॅल्क्युलससारखा गणिताचा कोर्स. गणिताबाबत मात्र असिस्ट पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. एका ठिकाणी स्टॅटिस्टिक्स पुरतं, दुसऱ्या ठिकाणी बिझनेस कॅल्क्युलसही लागतं. यूसीतल्या काही इकॉनॉमिक्स विषयांना तर इंजिनीअरिंगवाल्यांचं पूर्ण कॅल्क्युलसच लागतं.

उरलेली बरीच युनिटं सामान्य शिक्षणाची. २०२५च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांना ट्रान्सफरसाठी कॅल-गेटसी हा एकच नमुना आहे: ११ कोर्स, किमान ३४ युनिटं. त्यात इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग, भाषण, गणित, कला-मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, लॅबसह विज्ञान आणि एथ्निक स्टडीज (अमेरिकेतल्या वांशिक गटांचा अभ्यास) येतात. स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्स इथेही मोजले जातात आणि तिथेच लोक फसतात. सामाजिक शास्त्रांचे दोन कोर्स दोन वेगळ्या विषयांतले हवेत. मायक्रो आणि मॅक्रो दोन्ही केले तरी दुसरी जागा रिकामीच राहते. ती पॉलिटिकल सायन्सने भरा. सीएसयूला पदवीसाठी अमेरिकन शासनव्यवस्था आणि इतिहास लागतोच, तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

दुसरा सापळा कॅलेंडरचा. क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात: वर्षाला तीन मुख्य सत्रं, युनिटमागे ३१ डॉलर, आणि डिग्रीला ९० युनिटं. फ्रीमाँटचं ओलोनी किंवा सँटा क्लाराचं मिशन सेमिस्टरवर चालतं. डी अँझात अकाउंटिंगची मालिका तीन कोर्सांची आहे: दोन फायनान्शियलचे आणि तिसरा मॅनेजेरियलचा. सेमिस्टरवाल्यांकडे हीच मालिका दोन कोर्सांची. डी अँझात पहिला भाग करून उरलेलं ओलोनीत करायला गेलात तर अर्धं फायनान्शियल अकाउंटिंग हवेत लटकतं. कोणतीही मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा.

पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, इंट्रोडक्शन टू बिझनेस आणि एथ्निक स्टडीज. दुसऱ्याला फायनान्शियल अकाउंटिंग, मायक्रो, भाषण आणि क्रिटिकल थिंकिंग. तिसऱ्याला मॅनेजेरियल, मॅक्रो आणि लॅबचं विज्ञान. चौथ्याला बिझनेस लॉ, राज्यशास्त्र आणि राहिलेलं सगळं. या क्रमामागचं कारण तारखांत आहे. सीएसयू आणि यूसीचे फॉलचे ट्रान्सफर अर्ज आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात, म्हणजे तुमचं तिसरं सेमिस्टर चालू असताना. तोवर हातात एकच वर्षाचे ग्रेड असतात. त्यांत अकाउंटिंगचा चांगला ग्रेड दिसला तर अर्जाला वजन येतं.

दोन्ही अकाउंटिंग एकाच सेमिस्टरला घेऊ नका. पहिलं झाल्याशिवाय दुसरं मिळतही नाही. पण उन्हाळ्यात सहा आठवड्यांत फायनान्शियल उरकायचा मोह होतो, तोही टाळा. एका युनिटला आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास असा हिशेब असतो. चार युनिटांचं अकाउंटिंग म्हणजे आठवड्याला १२ तास. सहा आठवड्यांत तेच कोंबलं तर जवळजवळ पूर्णवेळ नोकरी होते.

अकाउंटिंग: कुठे पडतात आणि का

भारतात अकरावी-बारावी कॉमर्स केलेल्यांना पहिले तीन आठवडे सोपे जातात आणि मग फटका बसतो. इथे ‘डेबिट द रिसीव्हर’ हे सोनेरी नियम कोणी विचारत नाही. सगळं ॲसेट्स बरोबर लायबिलिटीज अधिक इक्विटी, या एका समीकरणावरून शिकवतात. ताळेबंदात कॅश सगळ्यात वर, मग जे लवकर रोख होईल ते. भारतीय कंपन्यांच्या नमुन्यातला क्रम वेगळा असतो, त्यामुळे हात आपोआप चुकीच्या ओळीवर जातो. सन्ड्री डेटर्सना इथे अकाउंट्स रिसीव्हेबल म्हणतात. भारतात बंद झालेली लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरण्याची) पद्धत इथे अजून चालते आणि परीक्षेत हमखास येते. स्वल्पविरामही पाहा: एक लाख इथे १००,००० असा लिहितात आणि ऑनलाइन गृहपाठात जागा चुकली की काही सिस्टिम उत्तर चूक धरतात.

खरी चाळणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात, ॲडजस्टिंग एंट्रीजमध्ये (हिशेबाच्या अखेरीस खाती दुरुस्त करणाऱ्या नोंदींत) लागते. एक उदाहरण नीट पाहा. कंपनीने १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे २,४०० डॉलर भरले आणि ते प्रीपेड इन्शुरन्समध्ये टाकले. ३१ डिसेंबरला काय एंट्री? महिन्याला २००, तीन महिने संपले, म्हणून इन्शुरन्स एक्स्पेन्स डेबिट ६००, प्रीपेड इन्शुरन्स क्रेडिट ६००. ॲसेट म्हणून १,८०० उरतात. अनेक जण इथे १,८०० चीच एंट्री करतात. कारण पुस्तकातल्या दुसऱ्या उदाहरणात सगळे २,४०० सुरुवातीला थेट खर्चात टाकलेले असतात आणि तिथे उरलेले १,८०० खर्चातून काढून प्रीपेडमध्ये न्यावे लागतात. दोन उदाहरणांची सरमिसळ होते. या चुकीने नफा १,२०० ने कमी दिसतो, ॲसेट्सही १,२०० ने कमी दिसतात, आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बेरजांचा ताळा) मात्र छान जुळतो. म्हणून ट्रायल बॅलन्स जुळला की पेन खाली ठेवायची सवय इथे नडते. प्रत्येक ॲडजस्टमेंटआधी दोन प्रश्न लिहा: आत्ता खात्यात किती आहे, आणि आजच्या तारखेला किती असायला हवं? फरक तेवढीच एंट्री.

मॅनेजेरियलमध्ये डेबिट-क्रेडिट मागे पडतं. ५० डॉलरची वस्तू, ३० डॉलर बदलता खर्च, ४०,००० डॉलर स्थिर खर्च: प्रत्येक नगामागे २० उरतात, तर २,००० नगांवर ना नफा ना तोटा. इतकं समजलं की अर्धा कोर्स त्याच्याच फोडणीचा असतो.

गृहपाठ बहुधा मॅकग्रॉ-हिलच्या कनेक्टवर किंवा पिअर्सनच्या मायलॅबवर असतो. जुनं पुस्तक स्वस्तात घेऊन उपयोग नाही, ॲक्सेस कोड नवाच लागतो. वर्ग सुरू झाल्यावर दोन आठवड्यांची फुकट मुदत मिळते का पाहा आणि कोर्स टिकवायचा ठरल्यावरच पैसे भरा. वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असलेले सेक्शन आधी शोधा. ओपनस्टॅक्सची अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स आणि बिझनेस स्टॅटिस्टिक्सची पुस्तकं फुकट आहेत आणि चांगली आहेत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मायक्रोमध्ये मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर किंमत बदलली तर त्याच रेषेवर सरकायचं, दुसरं काही बदललं तर रेषाच हलवायची. निम्मे मार्क या एका फरकावर जातात. बिझनेस लॉच्या उत्तरात निकाल आधी लिहू नका. मुद्दा, नियम, नियम या प्रसंगाला कसा लागतो, मग निष्कर्ष, या क्रमाने लिहा. तिसऱ्या भागालाच सर्वाधिक गुण असतात आणि पाठांतर करून आलेले तिथेच एका ओळीत आटपतात. इंट्रोडक्शन टू बिझनेस सोपा आहे, पण त्यात ग्रुप प्रोजेक्ट असतो. पहिल्याच आठवड्यात कोण काय करणार ते लिहून घ्या.

तारखा आणि ग्रेड

पहिल्या आठवड्यात हजर राहिला नाहीत, किंवा ऑनलाइन कोर्सात कॅन्व्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर) पहिलं काम केलं नाहीत, तर प्रोफेसर तुमचं नाव काढून वेटलिस्टवाल्याला घेतात. तेव्हा लग्नासाठी भारतात जाणार असाल तर परतीचं तिकीट सेमिस्टरच्या आधीचं काढा. पूर्ण सत्राचा साधारण २० टक्के काळ झाला की सेन्सस डे येतो. त्याआधी कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही. नंतर ७५ टक्क्यांपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो. त्यानंतर जो पडेल तो ग्रेड.

एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. ‘सी’ मिळाला की तो कोर्स जीपीए सुधारायला परत घेता येत नाही. ‘डी’ किंवा ‘एफ’ असेल तर घेता येतो, पण एका कोर्सचे सगळे मिळून प्रयत्न साधारण तीन, आणि ‘डब्ल्यू’ हाही एक प्रयत्न धरतात. म्हणून मिडटर्मनंतर गाडी ‘सी’कडे निघाली असेल आणि पुढच्या कॅम्पसला ‘बी’ हवा असेल, तर ‘डब्ल्यू’ घेण्याचा विचार शांतपणे करा. एक ‘डब्ल्यू’ कोणी मनावर घेत नाही, चार घेतले की प्रश्न विचारतात.

यूसीचे सहा कॅम्पस टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. तो अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा आणि एकाच कॅम्पसला. सगळ्या विषयांना टॅग नसतो, तेव्हा बिझनेस किंवा इकॉनॉमिक्स त्या वर्षीच्या यादीत आहे का ते आधी पाहा. यूसीएलएत बॅचलर्सला बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन हा विषयच नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. त्याचे पूर्वकोर्स वेगळे, आणि हे तिसऱ्या सेमिस्टरला कळून उपयोग नसतो.

शेवटच्या सेमिस्टरला ग्रॅज्युएशन पिटिशन भरा. बऱ्याच कॉलेजांत ६० युनिटं झाली म्हणून डिग्री आपोआप मिळत नाही. पिटिशनची मुदत बहुधा सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते. सोबत कॅल-गेटसी सर्टिफिकेशनची वेगळी मागणी करा आणि आधी दुसऱ्या कॉलेजात एक जरी उन्हाळी कोर्स केला असेल तरी तिथलं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवून द्या. अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाठवताना ‘ग्रेड आल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा, नाहीतर शेवटच्या सेमिस्टरच्या ग्रेडविनाच ते निघून जातं आणि जुलैत प्रवेश रद्द झाल्याचं पत्र येतं.